बिनपडद्याचा बास

वग्दी मत्सरी आहे असं अख्ख्या कैरोत एकच माणूस म्हणतं, ते म्हणजे त्याची बायको सौसन, आणि ती रोज म्हणते. शेजाऱ्याने नवा फ्रिज आणला की वग्दीला आपल्या फ्रिजची घरघर वाढल्यासारखी वाटते. मेहुण्याने दाताची कवळी बसवली तर याचे चांगले दात दुखायला लागतात. पण ही सगळी किरकोळ जळजळ झाली. खरी आग होती पेशातली, आणि ती त्याने सौसनलाही कधी धड सांगितली नव्हती.

उस्ताद लबीब यांच्या वाद्यवृंदात तो एकोणीस वर्षं बास गिटार वाजवत होता. वृंदात उस्तादांचा ऊद, म्हणजे आखूड मानेचं तंतुवाद्य, दोन व्हायोलिनं, मांडीवर घेऊन छेडायचा एक कानून, एक बासरी आणि डफ. आता गंमत बघा. ऊदच्या मानेवर पडदे, म्हणजे सूर बांधून देणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसतात; बोट सरकेल तिथे सूर. व्हायोलिनचंही तेच. कानूनवाला बारीक कळा फिरवून सूर हवा तितका चढवतो, उतरवतो. पडदे होते ते एकट्या वग्दीच्या बासला. आणि आमच्या गाण्यातले निम्मे सूर पडद्यांत मावत नाहीत. बयाती मकाम, म्हणजे आमच्याकडचा एक राग, घेतला की दुसराच सूर असा येतो की कोमल म्हणावा तर कोमल नाही, शुद्ध म्हणावा तर शुद्ध नाही; दोघांच्या मधल्या बोळात राहतो तो. वग्दीच्या बासवर ते घरच नव्हतं. मग गाणं त्या सुरापाशी आलं की तो तारांवर तळहात आडवा टाकायचा आणि नुसता 'धप्' आवाज काढायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, ताल देतोय. एकोणीस वर्षं त्याने तो सूर असा गिळला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही याचा त्याला थोडा अभिमानही होता.

तो अभिमान उस्ताद लबीबांनी एका तालमीत चहाचा पेला खाली ठेवता ठेवता मोडला.

"या हिवाळ्यात सहा शुक्रवार मिळालेत," ते म्हणाले. "शुब्राच्या सभागृहात, संध्याकाळी पाचला. सित्त इब्तिसाम गाणार आहेत आणि जवळजवळ सगळं बयातीत. मला बास बोलता हवा. दर वेळी त्या सुराशी आलं की बासच्या तोंडात बोळा, हे आता पुरे."

वग्दीचे कान तापले. म्हणजे म्हाताऱ्याला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं ठाऊक होतं.

"तुम्ही दोघं आहात," उस्ताद पुढे म्हणाले. "खुर्ची एकच आहे. ज्याच्याकडे तो सूर असेल, तो बसेल. आणि एकदा बसला की तोच."

दुसरा म्हणजे हैसम. सव्वीस वर्षांचा, उंच, लांब बोटांचा. वग्दी आजारी पडला किंवा एकाच दिवशी दोन लग्नं आली की बदली म्हणून यायचा. दोन वर्षांपूर्वी वृंदात आला तेव्हा वग्दीनेच त्याला शिकवलं होतं की बयातीत कुठे तळहात टाकायचा. पोराने मान डोलवून ऐकून घेतलं होतं. त्याचे वडील ऊद वाजवायचे, लहानपणी तोही वाजवायचा. त्याला तो सूर झोपेतही दिसत असणार. तरी काकांनी सांगितलं म्हणून त्याने मुकाट्याने तळहात टाकला. हे आठवलं की वग्दीला त्याचा जास्तच राग यायचा.

पण त्या दिवशी वग्दी घाबरला नाही, कारण त्याच्यापाशी एक गुपित होतं. महंमद अली रस्त्यावर हाजी मितवल्लीच्या दुकानात, अगदी मागच्या भिंतीवर, चार महिन्यांपासून एक बिनपडद्याचा बास टांगलेला होता. पोकळ लाकडी अंगाचा, चिनी कारखान्यातला, एका कडेला ओरखडा. पट्टी काळीभोर आणि सपाट, त्यावर रेघसुद्धा नाही. पोटात पिकअप बसवलेला; वायर जोडली तर स्पीकरवर वाजणार, नाही जोडली तर आपल्या आवाजात घुमणार. असले बास बाहेरून मागवायचे तर घर विकावं लागतं. हा नऊ हजार पाउंडांत होता. वग्दी चार महिने पैसे जमवत होता आणि चार महिने त्या बासला शिव्या देत होता.

शिव्या का, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. मनातली वस्तू हातात येईपर्यंत तोंडातून काढायची नाही. काढलीस की कुणाची तरी नजर लागणार, भाव वाढणार, किंवा दोन्ही. म्हणून वग्दी दर मंगळवारी तारा घ्यायच्या निमित्ताने जायचा आणि मागच्या भिंतीकडे बघून नाक मुरडायचा.

"हाजी, ती शवपेटी अजून टांगलेलीच का?"

"शवपेटी नाही पाशा, बास आहे." हाजी मितवल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला पाशा म्हणायचा, उधारीवाल्यालासुद्धा. "नऊ हजार."

"कारखानेवाले पडदे लावायला विसरले, त्याचे नऊ हजार?"

"मग तू सांग."

"मी कशाला सांगू? मला थोडाच घ्यायचाय. पण उद्या कुणी आंधळा येऊन सहा-साडेसहा देईल ना, तर त्याचा हात चुंबून घे."

उस्तादांनी खुर्चीचं सांगितल्यावर तर वग्दी दुसऱ्याच दिवशी गेला, आणि गरज तोंडावर दिसू नये म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट बोलला. लाकूड ओलं आहे म्हणाला. मान वाकडी आहे म्हणाला. असला बास वाजवणाऱ्याला लोक हसतील म्हणाला. हाजी गालाला हात लावून ऐकत होता. वग्दीला वाटलं, वा, आता पुढच्या मंगळवारी सात हजारांत सुटतो.

पुढच्या मंगळवारी खिशात सात हजार घेऊन तो दुकानात शिरला तेव्हा मागच्या भिंतीवर नुसता खिळा होता.

"सुटलो बाबा एकदाचा," हाजी म्हणाला. "कालच गेला. तू बोललास ते माझ्या मनात घर करून बसलं होतं. म्हटलं, इतका जाणकार माणूस सांगतो, आता येईल तो भाव घ्यावा."

"कितीला दिलास?"

"साडेसहाला. तुझाच भाव, पाशा."

"कुणाला?"

"तुमच्याच वृंदातला तो उंच पोरगा. मी फसवलं नाही हं त्याला. सांगितलं, वग्दी म्हणतो यात दम नाही. तर तो म्हणाला, काकांचं काय, ते दाराच्या कडीवरही वाजवतील. मला मात्र अजून शिकायचंय."

वग्दीने तारांचा एक जोड घेतला, नको असताना. पैसे दिले, सलाम केला, बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाच्या गाड्यापाशी बराच वेळ नुसता उभा राहिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हाजीला शिवी द्यावी तर त्याने सांगितलेलंच केलं. हैसमला द्यावी तर त्याने वर कौतुकच केलेलं. उरला कोण, तर स्वतःच, आणि स्वतःला शिव्या द्यायची वग्दीला सवय नव्हती.

गुरुवारच्या तालमीला हैसम बास घेऊन आला. बासच्या मानेला नजर लागू नये म्हणून निळा मणी बांधलेला, आईने बांधला असणार. त्याने खोळ उघडली तशी सगळ्यांनी एकापाठोपाठ एक 'माशाल्लाह' म्हटलं, कानूनवाल्याने तर दोनदा. हैसमने उस्तादांकडे बघून परवानगी घेतली आणि बयातीतली एक साधी ओळ वाजवली. वायरही जोडली नव्हती. दुसऱ्या सुराशी आला, बोट केसभर सरकवलं, आणि तो सूर खोलीत आला. वरच्या सप्तकात तो सगळ्यांनी जन्मभर ऐकलेला. पण इतक्या खाली, इतका जाड, खोलीत कुणी ऐकला नव्हता. उस्तादांची भुवई वर गेली आणि तिथेच राहिली.

वग्दीला बास हवा होता, सूर हवा होता, खुर्ची हवी होती, आणि खरं सांगायचं तर ती भुवईही हवी होती. एकोणीस वर्षांत ती त्याच्यासाठी एकदाही वर गेली नव्हती.

सगळे आता त्याच्याकडे बघत होते. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याने बास हातात घेतला, उलटा केला, ओरखड्यावरून अंगठा फिरवला.

"चांगला आहे," तो म्हणाला. "फार चांगला आहे."

"तुमचाच आहे काका," हैसम लगेच म्हणाला. "घ्या."

आता हे घ्या म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमच्या सदऱ्याचं कौतुक केलं तर तुम्ही म्हणता, घ्या, तुमचाच आहे. टॅक्सीवाला भाडं विचारल्यावर म्हणतो, राहू द्या हो. यावर समोरच्याने म्हणायचं असतं, मालकाच्याच अंगावर शोभतो. संपलं. नाईलच्या मधोमध नाव असलेला नावाडी काठावरच्याला हाक मारतो ना, या जेवायला. तशातली ही गोष्ट. काठावरचा काही पाण्यात उडी घेत नाही.

वग्दीने उडी घेतली.

"अल्ला तुझं भलं करो," तो म्हणाला आणि बास खोळीत घालून त्याने चेन ओढली.

डफवाल्याने खोकल्यासारखं केलं. हैसमच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच होतं, फक्त त्यामागचं माणूस निघून गेल्यासारखं दिसत होतं. मग ते माणूस परत आलं.

"मुबारक असो, काका," तो म्हणाला.

उस्ताद लबीबांनी वग्दीकडे पाहिलं. मग ऊदच्या खुंट्या पिळायला लागले. "पहिला शुक्रवार उद्यापासून आठ दिवसांनी," एवढंच म्हणाले. "पाचला."

सौसनला त्याने आधी सांगितलं की विकत घेतला. मग कपाटातले सात हजार जसेच्या तसे दिसल्यावर खरं सांगावं लागलं.

"पोराने तोंडदेखलं म्हटलं आणि तू उचललास?"

"तो म्हणाला घ्या."

"परवा तुझी आत्या जाताना तू म्हणालास, राहा ना आत्या, आणखी महिनाभर राहा. ती राहिली असती म्हणजे?"

"आत्याचं वेगळं."

"आत्याला लाज होती, हेच वेगळं." सौसन भेंडी चिरत होती, सुरी थांबली नाही. "निदान त्याला पैसे तरी नेऊन दे. साडेसहा हजार त्याने काही झाडाचे तोडले नसतील."

वग्दी पाकीट घेऊन गेलाही. हैसमने ते हातातसुद्धा घेतलं नाही. म्हणाला, दिलेल्या गोष्टीचे पैसे घेतले तर आई घरात घेणार नाही. आणि वर चहा पाजला. परत येताना वग्दीला पोराच्या बोटांपेक्षा, त्याच्या कानापेक्षा, त्याच्या त्या मोठ्या मनाचाच जास्त हेवा वाटला. असलं मन बाळगायला परवडतं कसं, हे त्याला कळेना.

पण मोठी गोष्ट पुढेच होती. बास वाजेना.

म्हणजे आवाज सुंदर यायचा. सूर यायचा नाही. तीन दिवस वग्दीने बासला दोष दिला, तारा बदलल्या, लाकूड ओलं आहे हे आता स्वतःलाच सांगून पाहिलं. चौथ्या दिवशी त्याला समजलं. पडद्याच्या बासवर बोट पडद्यावर ठेवत नाहीत, किंचित मागे ठेवतात. नेमका सूर पडदा देतो. इथे पडदा नव्हता. जिथे बोट, तिथेच सूर. आणि एकोणीस वर्षांची सवय लागलेलं त्याचं बोट इमानाने दर वेळी किंचित मागेच पडत होतं. बयातीचा तो एक सूर राहिला बाजूला, सगळेच सूर केसभर उतरलेले. तो पुढे सरकवायला जायचा तर फार पुढे जायचं. सूर बरोबर आहे की नाही हे कळण्याइतका कान त्याला होता. तेवढाच होता, हे दुःख.

"शेजारची बाई विचारत होती," सौसन आतून म्हणाली, "घरात कुणी आजारी आहे का."

तरी तो शुक्रवारी गेला. खुर्ची कुणी सोडतं का हो?

पहिल्या भागात सहा गाणी होती. दुसऱ्याच गाण्यात सित्त इब्तिसाम यांनी गाता गाता मान वळवली. त्या ज्या सुरावर उभ्या होत्या, त्याच्याखालची जमीन जराशी कलती होती, आणि कलती कुणी केली ते बघत होत्या त्या. कानूनवाला खाली मान घालून वाजवत राहिला. उस्ताद लबीब आपला ऊद जोरात वाजवायला लागले. सत्तरीतला माणूस, मनगट दुखतं म्हणून एरवी तार कुरवाळायचे, ते आता बास झाकला जावा म्हणून ठोकत होते. चौथ्या गाण्यापासून वग्दीने जुनं केलं. सगळ्याच सुरांवर तळहात टाकला. धप्, धप्, धप्. साडेसहा हजारांचा डफ.

मध्यंतरात तो विंगेत एका खोक्यावर बसला. उस्ताद समोरून गेले, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेवढ्यात हैसम आला. तो ऐकायला आला होता, तिकीट काढून, आईला घेऊन. हातात चहाचे दोन पेले.

"काका, आवाज काय गोड आहे हो त्याचा," तो म्हणाला. "तुमच्याकडे गेला ते बरंच झालं."

वग्दीने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. टोमणा असता तर वग्दीला सुख झालं असतं. टोमणा नव्हता. पोराला खरंच तो पहिला भाग ऐकून वाईट वाटलं होतं आणि ते झाकायला तो चहा घेऊन आला होता.

"घे," वग्दी म्हणाला आणि बास त्याच्यापुढे धरला. "दुसरा भाग तू वाजव. ठेव तुलाच."

"छे, छे. मालकाच्याच हातात शोभतो, काका."

"मी खरं म्हणतोय."

"मीही खरंच म्हणतोय. तुमच्याकडे राहू द्या."

ही पंचाईत वग्दीने आयुष्यात पाहिली नव्हती. तो घे म्हणत होता आणि पोरगा रीत पाळत होता. तिसऱ्यांदा म्हटलं तरी तो हात मागे बांधून उभा. बाहेर घंटा झाली. वग्दीला त्या क्षणी त्या रीतभातीचाही हेवा वाटला, आणि रागही आला, आणि आमचा माणूस अगदी टोकाला आला की जे करतो ते त्याने केलं.

"ऐक हैसम," तो उभा राहून म्हणाला, "हा बास तू घेतला नाहीस आणि आत्ता त्या खुर्चीवर बसला नाहीस, तर माझ्या बायकोला तलाक."

बासरीवाल्याने 'अस्तग़फिरुल्लाह' म्हणत देवाची माफी मागितली. घरी सौसन बहुधा कपडे वाळत घालत असेल. आपला बावीस वर्षांचा संसार शुब्रामध्ये एका चिनी बासला टांगलाय याची तिला कल्पनाही नव्हती. तोंडदेखलं बोलणं आणि खरं बोलणं यांच्यामध्ये आमच्याकडे तलाकची शपथ ही एकच भिंत आहे, आणि ती ओलांडून कुणी नाही म्हणू शकत नाही. हैसमने दोन्ही हात पुढे केले.

"काकू घरी सुखात राहू दे," तो पुटपुटला आणि बास घेऊन आत गेला.

वग्दी विंगेत उभा राहिला. निघून जावं असं मनात होतं, पाय निघेनात. खुर्चीवर हैसमची पाठ दिसत होती. ती खुर्ची अजून वग्दीच्या अंगाने ऊबदार असेल, असा एक वेडा विचार त्याच्या मनात आला. उस्तादांनी बयाती छेडला. सित्त इब्तिसाम यांनी पहिली ओळ उचलली. आणि वग्दी, देवाला मानणारा माणूस, मनातल्या मनात देवाला म्हणत होता की याचंही बोट चुकव. एकदाच चुकव. केसभर पुरे.

बास वर चढला, दुसऱ्या सुराशी आला आणि बोट सरकलं. चुकलं नाही. तो सूर जमिनीखालून उगवल्यासारखा आला आणि सगळं गाणं अलगद उचलून आपल्या खांद्यावर घेऊन उभा राहिला. उस्तादांचा हात पुन्हा हलका झाला.

आमच्याकडे सूर काळजाला लागला की ऐकणाऱ्याच्या तोंडून 'अल्लाह' निघतं. ते ठरवून काढता येत नाही आणि दाबून ठेवता येत नाही. गाणाऱ्यासाठी निघतं, ऊदसाठी निघतं, कधी बासरीसाठी. बासवर कुणी 'अल्लाह' म्हटलेलं वग्दीने एकोणीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. स्वच्छ, मोठ्याने, अगदी जवळून. हैसमने वाजवता वाजवता चमकून विंगेकडे पाहिलं, उस्तादांनीही पाहिलं, आणि तेव्हा कुठे वग्दीला समजलं की आवाज त्याचाच होता.